शाळेतल्या बालसुरक्षेचं काम तुमच्याकडे आलंय? आधी स्वतःसाठी सुपरव्हिजनची सोय करा

जूनमध्ये कामांची वाटणी होते. कुणाला स्काउट मिळतं, कुणाला शालेय पोषण आहार, आणि एका नावापुढे ‘बालसुरक्षा’ असं लिहिलं जातं. ते नाव बहुतेक वेळा अशा बाईंचं किंवा सरांचं असतं, ज्यांच्याकडे मुलं आपणहून येऊन बोलतात. मी ठाण्यातल्या एका शाळेत हे काम करते आणि नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात मदतही करते. त्यांचे प्रश्न जवळजवळ सारखे असतात. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, प्रशिक्षण झालेलं असतं, मुलाशी कसं बोलायचं तेही शिकवलेलं असतं. पण जे ऐकलं ते घेऊन आपण कुणाकडे जायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. घरी सांगता येत नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच.

त्यासाठी सुपरव्हिजन लागतं. शाळेतल्या पर्यवेक्षकांच्या कामाशी याचा संबंध नाही. ठरलेल्या दिवशी, शाळेबाहेरच्या अनुभवी व्यक्तीबरोबर बसायचं आणि आपण हाताळत असलेली प्रकरणं, घेतलेले निर्णय आणि या सगळ्याचा आपल्यावर होणारा परिणाम यांचा नीट विचार करायचा, असं हे काम. समाजकार्याच्या क्षेत्रात ही पद्धत जुनी आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा निर्मला निकेतनमध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या कुणालाही विचारा. फील्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहायचं आणि ते घेऊन मार्गदर्शकांसमोर बसायचं, ही त्यांची सवयच असते. आल्फ्रेड काडुशिन या अभ्यासकाने सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. शाळेत पहिलं मुख्याध्यापक पाहतात, दुसरं थोडंफार प्रशिक्षणातून होतं. तिसऱ्याला वाली नसतो.

इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेत या कामासाठी एक वरिष्ठ व्यक्ती नेमलेली असते. तिला वेळ, निधी, प्रशिक्षण आणि आधार शाळेने द्यावा, असं तिथल्या सरकारी मार्गदर्शनातच लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या शासन निर्णयांचा भर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेली समिती), कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर आहे. हे सगळं हवंच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला ते वेगळं सांगायला नको. पण तक्रारपेटी उघडून त्यातली चिठ्ठी वाचणारा माणूस खचला, तर पेटी असून उपयोग नाही. त्या माणसाची सोय सध्या आपली आपणच करावी लागते. ती कशी करायची ते आता क्रमाने.

१. नेमणुकीचं पत्र घ्या

तोंडी जबाबदारी घेऊ नका. पत्रात तीन गोष्टी असू द्या: तुमची नेमणूक, तुमच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव, आणि ‘या कामासाठी शाळेबाहेरील व्यावसायिक मार्गदर्शन घेण्याची परवानगी’ असं एक वाक्य. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ते नसेल तर उद्या कुणीही विचारू शकतं, ‘शाळेतल्या गोष्टी बाहेर कशाला नेल्या?’

२. मुख्याध्यापकांकडे आधी वेळ मागा

पैशांची गोष्ट नंतर काढा. महिन्यातून एकदा, साधारण दीड तास, शाळेच्या वेळेत. ‘शाळा सुटल्यावर बसा की’ असं उत्तर येईल. ते मान्य केलंत तर दोन-तीन महिन्यांत बैठका बंद पडतील, कारण शाळा सुटल्यावर पालक भेटायला येतात, पेपर तपासायचे असतात आणि घरी पोळ्या वाट बघत असतात. वेळापत्रकात तो तास तुमच्या नावावर ‘ऑफ’ दाखवलेला असू द्या.

मुख्याध्यापकांना पटवताना ‘मला त्रास होतो’ इथून सुरुवात न करता संस्थेच्या जबाबदारीतून सुरुवात करा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बदलापूरच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. विचार करायला जागा असलेली व्यक्ती वेळेवर आणि नीट कळवते. त्यात शाळेचंच रक्षण आहे.

मुख्याध्यापकांनीच सुपरव्हिजन करावं का? माझं मत ठाम ‘नको’ असं आहे. त्यांच्याशी नियमित बोलणं हवंच, पण तुमचा गोपनीय अहवाल जी व्यक्ती लिहिते तिच्यासमोर ‘मला काल रात्री झोप लागली नाही’ असं कुणी मोकळेपणाने म्हणत नाही. शिवाय तक्रार एखाद्या सहकाऱ्याविरुद्ध किंवा संस्थेतल्याच कुणाविरुद्ध असेल तर मुख्याध्यापकांची स्वतःचीच ओढाताण चाललेली असते.

३. योग्य माणूस शोधा

इथे घाई करू नका. आपल्या भागात शोधण्याच्या जागा आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे किंवा अशा संस्थांतून काम केलेले, मराठीतून सहज बोलणारे व्यावसायिक शहरात भेटतात. बाल लैंगिक अत्याचाराच्या विषयावर मुंबईत अर्पण आणि प्रेरणा यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्या प्रशिक्षणाला गेलात तर तिथे भेटणाऱ्या माणसांकडे चौकशी करा. अनुभवी एमएसडब्ल्यू आणि निवृत्त समाजकार्य प्राध्यापक हेही फार चांगले पर्याय. मला स्वतःला समाजकार्याची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती जास्त उपयोगी वाटते, कारण ती मन आणि यंत्रणा या दोन्हींबद्दल बोलू शकते.

पहिल्या फोनवर एवढं विचारा:

– पॉक्सोखालच्या प्रकरणांत प्रत्यक्ष काम केलंय का? कुठल्या नात्याने?
– इतर व्यावसायिकांना सुपरव्हिजन दिलंय का?
– तुम्ही स्वतः कुणाकडून सुपरव्हिजन घेता? (‘मला गरज नाही’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.)
– क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का?
– आमच्या शाळेतल्या कुणाशी नातं किंवा व्यवहार?

कोण नको, तेही सांगते. शाळेतला पालक नको, मग तो कितीही नामांकित मानसोपचारतज्ज्ञ असो. विश्वस्तांच्या ओळखीतलं कुणी नको. तुम्ही स्वतः ज्यांच्याकडे समुपदेशन घेता ते नकोत, कारण त्या खोलीत तुमचं घर, लग्न, आजारपण असतं आणि दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळतात. बाल कल्याण समितीचे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) विद्यमान सदस्य तर अजिबात नकोत: उद्या तुमच्याच शाळेचं प्रकरण त्यांच्यासमोर जाऊ शकतं. माजी सदस्य मात्र उत्तम.

घोडबंदर रोडवरून नौपाड्यात किंवा ऐरोलीहून बेलापूरला दर महिन्याला जाणं जमत नसेल तर ऑनलाइन बसा, पण बंद खोलीत, इअरफोन लावून. रिक्षातून, लोकलमधून किंवा स्वयंपाकघरातून नाही. पहिली बैठक शक्यतो समोरासमोर घ्या.

४. एका पानाचा करार लिहा

ओळखीचं माणूस असलं तरी लिहाच. किती वेळाने भेटणार, किती वेळ, फी कोण देणार, बैठक रद्द झाली तर काय, आणि तातडीच्या प्रसंगी मधे फोन करता येईल का, हे त्यात असू द्या. शाळेला काय कळेल तेही ठरवा. माझ्या मते शाळेला फक्त एवढंच कळावं की बैठक झाली.

गोपनीयतेला मर्यादा आहे हेही त्यात स्पष्ट लिहा. कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. म्हणजे न कळवलेल्या गुन्ह्याची माहिती बैठकीत मार्गदर्शकांना मिळाली, तर कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही येते. हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत असलं की नंतर गैरसमज होत नाहीत.

मुलाचं नाव, वर्ग, सोसायटी, पालकांचा व्यवसाय यांतलं काहीही बैठकीत सांगायचं नाही. नुसतं नाव वगळून भागत नाही. ‘आठवीतली, कबड्डीच्या संघातली, आई नगरपालिकेत’ एवढं म्हटलं तरी ठाण्यासारख्या शहरात ओळख पटते. गरज असेल तितकाच तपशील द्या, बाकीचा बदला.

५. हद्दीचा कागद तयार ठेवा

नवी मुंबईतल्या शाळांनी हे नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचे. म्हणजे खारघरच्या शाळेसाठी पोलीस नवी मुंबईचे, पण जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती रायगडची. महापालिकाही वेगळी, पनवेलची. ठाणे शहर, कळवा, डोंबिवली, बदलापूर इथल्या शाळांसाठी ठाणे पोलीस आयुक्तालय आणि ठाणे जिल्ह्याच्या यंत्रणा. एक धोका आणखी: ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण काही शाळांच्या जुन्या फायलींत वसईचे पत्ते अजून ठाणे जिल्ह्यात दाखवलेले दिसतात.

एका कागदावर लिहून ठेवा: आपलं पोलीस ठाणं, तिथले बालकल्याण पोलीस अधिकारी (बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे ते प्रत्येक ठाण्यात असतात), बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, शिक्षणाधिकारी, १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत). दर सहा महिन्यांनी फोन करून खात्री करा, कारण बदल्या होत राहतात. या कागदाचा सुपरव्हिजनशी थेट संबंध आहे. प्रत्येक वेळी ‘कुणाला फोन करू’ या प्रश्नावरच बैठक संपली, तर मनातलं बोलायला वेळ उरत नाही.

६. दोन वह्या वेगळ्या ठेवा

पहिली शाळेची प्रकरण-नोंदवही: तारीख, वेळ, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय केलं, कुणाला कळवलं, सही. ती कुलपात ठेवायची. दुसरी तुमची सुपरव्हिजनची वही. तिच्यात नावं नाहीत, फक्त ‘प्रकरण क’ असा संकेत आणि तुमचे प्रश्न.

तुम्हाला साक्षीदार म्हणून समन्स येऊ शकतं आणि तुमच्या नोंदी मागितल्या जाऊ शकतात. म्हणून दोन्ही वह्यांत अंदाज आणि पाहिलेली गोष्ट वेगळी लिहा. मागाहून पान फाडू नका, खाडाखोड करू नका. आणि कोर्टात काय बोलायचं याची तालीम बैठकीत करायची नाही, हे मार्गदर्शकांशी आधीच ठरवून घ्या. त्यांच्याकडून आधार घ्यायचा, साक्ष आपली आपणच द्यायची.

पहिल्या बैठकीला सोबत एवढं असू द्या: नेमणुकीचं पत्र, शाळेचं बालसंरक्षण धोरण, सही केलेला करार, हद्दीचा कागद आणि सुपरव्हिजनची वही. प्रकरण-नोंदवही शाळेबाहेर न्यायची नाही.

७. बैठकीत नेमकं काय होतं

नव्याने येणाऱ्यांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते, म्हणून माझ्या एका बैठकीचा तुकडा सांगते. तपशील बदलले आहेत.

मी सांगत होते, “ती घाबरलेली होती.” मार्गदर्शक बाईंनी थांबवलं. “घाबरलेली म्हणजे? तुम्ही काय पाहिलंत?” मी आठवून सांगितलं: ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, बोलता बोलता दोनदा दाराकडे पाहिलं, आणि ‘बाबांना नका सांगू’ म्हणाली. “नोंदवहीत हेच लिहिलंय ना?” हो, तेच होतं. मग त्यांनी विचारलं, “तिने दाराकडे पाहिलं तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?” यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने सुचलं: घंटा व्हायला आली होती, माझा पुढचा तास सहावीवर होता, आणि ती बोलत असताना माझा अर्धा जीव त्या वर्गात होता. त्या दोन-तीन प्रश्नांतून एक साधी व्यवस्था निघाली. आता आमच्या वेळापत्रकाखाली दोन सहकाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. मूल बोलायला आलं की माझा तास त्यांच्यापैकी कुणीतरी घेतं, कारण न विचारता.

सल्ला कमी आणि प्रश्न जास्त, अशी चांगली बैठक असते. पहिली दहा मिनिटं तुमची तब्येत, मग एक किंवा फार तर दोन प्रकरणं, शेवटी पुढच्या महिन्यात काय करायचं ते. मार्गदर्शक पूर्ण वेळ स्वतःचेच अनुभव सांगत राहिले तर दोन बैठकांनंतर स्पष्ट बोला, नाहीतर माणूस बदला.

काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतील. सर्वांत अवघड मला सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या संबंधांचा वाटतो. अकरावीतली मुलगी विश्वासाने मित्राबद्दल सांगते, तिच्या बोलण्यात जबरदस्तीचा लवलेश नसतो. पण पॉक्सो अठराच्या खालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि संमतीचा अपवाद ठेवत नाही. तिचा विश्वास आणि कायद्याचं बंधन यांत अडकलेलं मन कुणासमोर तरी मोकळं करायलाच हवं. सुपरव्हिजनमुळे कायदा बदलत नाही. मात्र त्या मुलीला हे कसं सांगायचं, कळवल्यानंतर तिच्याजवळ कसं राहायचं आणि तिचा राग कसा झेलायचा, यावर खूप काम होतं. मी तर म्हणेन, या एका प्रश्नासाठीसुद्धा सुपरव्हिजन घ्यावं.

स्वतःतली लक्षणंही तिथे बोला. संध्याकाळी शाळेचा नंबर मोबाइलवर दिसला की पोटात गोळा येणं, व्हॅनवाल्या प्रत्येक काकांकडे संशयाने पाहणं, स्वतःच्या मुलांना खेळायला खाली न सोडणं, ऐकलेली दृश्यं झोपेत येणं. आणि याच्या उलट, काहीच न वाटणं. नव्या प्रकरणावर ‘ठीक आहे, फॉर्म भरू’ एवढंच मनात येऊ लागलं तर तीही सूचना समजा. हे दुसऱ्याचं दुःख सतत ऐकल्याने होणारं दुखणं आहे, त्यात तुमचा कमकुवतपणा नाही. त्रास वाढला तर सुपरव्हिजनवर न थांबता उपचार घ्या. टेली मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

८. घटना घडली तर आधी कळवा, बैठक नंतर

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे: ‘मार्गदर्शकांशी बोलून मग ठरवते.’ नाही. कळवायचं की नाही हा सुपरव्हिजनचा विषयच नाही. मुलाने सांगितलं की ऐकायचं, त्याच्या शब्दांत लिहायचं, त्याला सुरक्षित ठेवायचं आणि पोलिसांना कळवायचं. शाळेत घडलेला प्रकार २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांनाही कळवा. चौकशी करून खात्री करणं हे आपलं काम नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कलम १९ मध्येच संरक्षण आहे, त्यामुळे ‘खोटं निघालं तर’ या भीतीने थांबू नका.

सखी सावित्री समितीत प्रकरणाचा तपशील मांडू नका. तिथे पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. समितीसमोर उपाययोजना मांडा, मुलाची गोष्ट नाही.

त्यानंतर, शक्यतो दोन-तीन दिवसांत, जादा बैठक मागा. करारात तातडीच्या फोनचं कलम त्यासाठीच असतं. त्या आठवड्यात तुमच्यावर चारी बाजूंनी दबाव येतो: पालक गेटवर, संस्थेचे फोन, सहकाऱ्यांच्या नजरा, कधी स्थानिक नगरसेवक. या गर्दीत तुमची भूमिका कुठे संपते हे सांगणारं माणूस हवंच. उदाहरणार्थ, मुलासोबत प्रत्येक तारखेला कोर्टात जाणं हे तुमचं काम नाही. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे बाल कल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्याच्या काळात मुलाला साथ देणारी) देऊ शकते. कुटुंबाला ते सांगा आणि समितीकडे त्याबद्दल विचारणा करा. आपण सगळीकडे धावत राहिलो तर ऑक्टोबरपर्यंत आजारी पडतो, आणि मग शाळेतल्या बाकीच्या मुलांकडे कोण बघणार?

९. पैसे नसतील तर गट करा

अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांना वैयक्तिक सुपरव्हिजनची फी परवडेलच असं नाही. जवळच्या पाच-सहा शाळांच्या जबाबदार शिक्षकांनी मिळून एकच मार्गदर्शक घ्यावेत, महिन्याला दोन तास, फी वाटून. कळवा-खारेगाव, कोपरखैरणे-घणसोली असे पट्टे सोयीचे पडतात, कारण चालत किंवा एका रिक्षात जाता येतं. गटात शाळेची नावं घ्यायची नाहीत. एकाच संस्थेच्या दोन शाळा एका गटात नकोत. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त तारीख आणि जागा कळवण्यासाठी. तिथे ‘आज एक वाईट केस आली’ एवढंही लिहायचं नाही. मुख्याध्यापकांना गटापासून लांब ठेवा. त्यांना वाटल्यास त्यांचा वेगळा गट करावा, आणि खरं तर त्यांनाही त्याची गरज असते.

मार्गदर्शकाशिवाय नुसतं शिक्षकांनीच एकत्र बसणं सुपरव्हिजनची जागा घेत नाही. जीव हलका होतो, पण चुकीच्या पद्धतीही एकमेकांकडून शिकल्या जातात.

१०. वर्षअखेरीस

मार्च-एप्रिलमध्ये मार्गदर्शकांबरोबर एक बैठक फक्त आढाव्यासाठी ठेवा: काय उपयोगी पडलं, काय नाही, पुढच्या वर्षी याच व्यक्तीकडे जायचं का. जबाबदारी दुसऱ्याकडे जाणार असेल तर नव्या व्यक्तीला प्रकरण-नोंदवही, हद्दीचा कागद आणि मार्गदर्शकांचा संपर्क द्या. सुपरव्हिजनची वही तुमच्याकडे, कुलपात ठेवा. नेमणुकीच्या नव्या पत्रात ‘शाळेबाहेरील व्यावसायिक मार्गदर्शन’ हे वाक्य आलंय ना, ते सही होण्याआधी स्वतः वाचून घ्या.